वाचनालयाच्या वहीत आपलेही नाव असावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी कशावर बोलायचे याची वाटणी झाली, तेव्हा एकीला आरोग्य मिळाले, एकीला परसबाग मिळाली आणि माझ्या वाट्याला वाचनालय आले. मी हात जोडून म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. आपल्यात मास्तरीणबाई आहेत, हा विषय त्यांना द्या." त्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना पुस्तकांची सवय लहानपणापासूनची. तुम्ही वाचनालयाची पायरी चाळिशीत चढलात. तेव्हा तुम्हीच सांगा." हे म्हणणे मला खोडता येईना, म्हणून उभी आहे. विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी आशा मात्र कोणी धरू नये.

आधी एक लाजेची गोष्ट सांगते. मंडळ घरचेच आहे, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-अकरा जणींनी मिळून कर्ज काढले होते. कोणाकडून, ते नाव घेत नाही. कागद घेऊन साहेब आले. अंगणात सतरंजी घातली, चहा झाला आणि सह्या सुरू झाल्या. कागद माझ्यापुढे आला. मला वाचता येत नव्हते असे नाही. पण सातवी सुटल्यावर पंचवीस वर्षे मी चार ओळींच्या पुढे काही वाचले नव्हते. माझे वाचणे म्हणजे बोट फिरवीत, ओठ हलवीत, एकेक शब्द जुळवीत जाणे. बाकीच्या बायका सही करून मोकळ्या झालेल्या, साहेब पुढच्या गावाला निघण्याच्या घाईत. सगळ्यांच्या देखत मी ओठ हलवीत बसू कशी? झटकन सही केली आणि कागद पुढे सरकवला.

त्या कागदात असे होते की एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तो भरावा. पुढे आमच्यातल्या एकीच्या घरी आजारपण आले, ते बिऱ्हाड कामासाठी नागपूरला गेले. तिचा दोष मी काढत नाही. वेळ कोणावर येत नाही? पण तिचे सात हप्ते आमच्यावर आले. माझ्या वाट्याचे पैसे मी कांड्या भरून फेडले. मुलांचे वडील एवढेच म्हणाले, "सही करण्याआधी वाचले का नाहीस?" मला उत्तर देता आले नाही. मला वाचता येत नाही असे म्हणावे तर ते खोटे होते. हळू वाचते हे चारचौघींना दिसू नये म्हणून वाचले नाही, असे म्हणावे तर तोंडातून शब्द निघेना.

भगिनींनो, मी शिकले तेव्हा माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला दुसऱ्या गावी जावे लागे. मुलीची जात म्हणून मला घरी ठेवले. लग्न होऊन आंधळगावला आले ती मागाच्या घरात. आपल्या गावाचे कोशाचे कापड नावाजलेले. ते विणताना बायकांचा दिवस कसा जातो हे तुम्हाला मी काय सांगावे! सकाळी पाणी-चूल, मग कांड्या, मग स्वयंपाक, पुन्हा कांड्या. पावसाळ्यात रोवणे आले की कंबर मोडेपर्यंत चिखलात. घरात छापील असे काय, तर भिंतीवरचे कॅलेंडर, विजेचे बिल आणि रेशनकार्ड. शिकलेले असे विसरत जाते. एकदम जात नाही. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात हळूहळू खाली जाते ना, तसे जाते, आणि एक दिवस दोर पुरेनासा होतो.

मी वाचनालयात गेले ती वाचायला नव्हे. माझा थोरला पोलीस भरतीचा अभ्यास करीत होता आणि तेथल्या अभ्यासिकेत जाऊन बसायचा. एकदा त्याच्याकडे पुस्तक राहिले, मुदत संपली, आणि तो धावण्याच्या सरावासाठी भंडाऱ्याला गेलेला. जाताना सांगून गेला, "आई, तेवढे पुस्तक नेऊन दे." मी चपला बाहेर काढून दारात उभी राहिले. आत सगळे पुरुष वर्तमानपत्रे वाचीत बसलेले. पुस्तक दारातूनच द्यावे आणि पळावे असा माझा बेत होता. पण ग्रंथपाल म्हणाले, "आत या ना काकू." त्यांनी वहीत नोंद केली आणि विचारले, "तुम्हाला कोणते पुस्तक पाहिजे?"

मी मागे वळून पाहिले. वाटले, माझ्या मागे कोणी उभे असेल, त्याला विचारत असतील. मागे कोणी नव्हते. तुम्हाला कोणते पुस्तक पाहिजे, असे मला आयुष्यात त्याआधी कोणी विचारले नव्हते.

मी म्हटले, "काही सोपे द्या. बाईमाणसाचे." त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून दिली. पुस्तक जाडजूड. मला घामच फुटला. ते म्हणाले, "दोन पाने वाचा. नाही आवडले तर उद्या परत आणा."

पहिल्या आठवड्यात माझी नऊ पाने झाली. रात्री सगळे निजल्यावर वाचायची, ओठ हलवीत. पण हसू येऊ लागले! ही लक्ष्मीबाई १८६८ सालची. शाळेत शिकलेली नव्हे. लग्न झाल्यावर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकली. आणि लिहिते कशी, तर तुम्ही-आम्ही ओसरीवर बसून बोलतो तशी. आपली फजिती झाली तीसुद्धा लपवीत नाही. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. त्यात एक प्रवास येतो. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले आणि त्या गाडीत झालेल्या एका भेटीने त्यांच्या संसाराचा रस्ताच बदलला. भगिनींनो, नागपूर-राजनांदगावची गाडी म्हणजे आपल्या तुमसर रोडवरून जाणारी! ते वाचले आणि पुस्तक मला एकदम आपल्या मुलखातले वाटू लागले.

एका रात्री सासूबाईंना जाग आली. मी एकटीच हसते आहे हे पाहून त्या घाबरल्या. मग म्हणाल्या, "का वाचतेस वो? आमाले बी आयकू दे." सासूबाईंना अक्षर ओळख नव्हती, सही म्हणजे अंगठा. मी मोठ्याने वाचू लागले. मोठ्याने वाचताना ओठ हलतातच, त्यात लाजायचे काय? थोडे ऐकून त्या म्हणाल्या, "हे बाई तं आपल्यावानीच बोलते!" त्या दिवसापासून जेवणे आटोपली की त्या स्वतःच पुस्तक काढून माझ्या हाती देऊ लागल्या. शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या कांड्या घेऊन येऊन बसू लागल्या. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी हात चालवायचे. पुस्तक पुरे होईतो माझे वाचणे केव्हा भरभर झाले, ते मला कळलेही नाही.

आता दुसरी फजिती. पुढच्या श्रावणात घराचे कवेलू सरकले आणि फळीवर ठेवलेले वाचनालयाचे पुस्तक भिजून त्याचा लगदा झाला. मला वाटले, झाले! आता लोक म्हणतील, बायकांच्या हाती पुस्तक दिले की असे होते. मी ते कणगीमागे दडवले आणि वाचनालयाचा रस्ताच सोडला. बाजाराला जायचे तरी मागच्या गल्लीने. दीड महिना असा गेला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चोरी केलीस का? जाऊन सांग ना."

गेले. पुस्तक पुढे ठेवले आणि मान खाली घालून उभी राहिले. ग्रंथपालांनी नियम सांगितला: तेच पुस्तक आणून द्यायचे किंवा किंमत भरायची. मी दोन वेळा मिळून किंमत भरली. बस, एवढेच! मग त्यांनी सभासदांची वही उघडून मला दाखवली. त्यात बायकांची नावे होती, पण एखादे पुस्तक नेले, दोन नेली, आणि पुढे रकाना कोरा. ते म्हणाले, "काकू, यांतल्या कितीतरी जणी अशाच गेल्या. कोणाकडून पान फाटले, कोणाची मुदत चुकली. दंड दोन-चार रुपयांचा, पण भीतीने येतच नाहीत."

मी घरी येताना हाच विचार करीत होते. आपण म्हणतो, बायकांना वेळ नाही, बायका शिकलेल्या नाहीत. ते खरेच आहे. पण आपल्याला दारातच अडवते ती लाज. हळू वाचते याची लाज, पुरुष बसलेल्या खोलीत शिरायची लाज, पुस्तक भिजले याची लाज. ज्या लाजेने मी त्या कागदावर न वाचता सही केली, तीच ही लाज.

ही लाज आजची नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या. न्यायमूर्ती रानड्यांसारखा शिकवणारा नवरा, तरी वाचायला बसले की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागत. म्हणजे वाचणाऱ्या बाईला टोचून बोलणाऱ्यांत बायकाच पुढे! आपल्या मंडळाने हे पाप तरी करू नये.

आता वाचनालयाविषयी मी जे विचारून घेतले, ते सांगते. पुष्कळ जणींना वाटते की वाचनालय म्हणजे कोणाची तरी मेहेरबानी. तसे नाही. १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावच्या लोकांनी संस्था काढून ग्रंथालय चालवायचे आणि सरकारने त्याला अनुदान द्यायचे, अशी त्याची रीत आहे. अशी अकरा-बारा हजार ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले आहेत. ड वर्गाच्या ग्रंथालयाला पूर्वी वर्षाला ३०,००० रुपये मिळत. २०२२ साली त्यात साठ टक्के वाढ झाली, म्हणजे ४८,००० झाले. त्यातले निम्मे तेव्हा पगारासाठी असत. आता घरखर्चाचा हिशेब करतो तसा हिशेब करा. चोवीस हजार भागिले बारा. महिन्याला दोन हजार रुपये! कुलूप उघडणारा, पुस्तके लावणारा, नोंदी ठेवणारा माणूस तेव्हा एवढ्यात राबत असे. वाचनालय उशिरा उघडले म्हणून नाक मुरडण्याआधी हा भागाकार आठवावा.

म्हणून सरकारच्या पैशाबरोबर गावाचाही हात लागतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी हे ओळखले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे जाणकार आणवून संस्थानात ग्रंथालये उभारली. गावात ग्रंथालय काढायचे तर एक वाटा गावाने जमवायचा, एक वाटा पंचायतीचा आणि एक वाटा सरकारचा, अशी त्यांची तिवडी होती. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. पुस्तकाकडे माणूस येत नसेल तर पुस्तक माणसाकडे न्यावे, ही युक्ती मला फार आवडली. तिचा उपयोग शेवटी सांगते.

वाचनालयात मिळते काय? वर्तमानपत्र वाचायला बसण्यासाठी सभासद व्हावे लागत नाही. कोणीही जावे, बसावे, वाचावे. आजच्या भावापासून नोकरीच्या जाहिरातीपर्यंत सगळे त्यात असते. पुस्तक घरी न्यायचे तर थोडी अनामत आणि वर्गणी भरावी लागते. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, ती गेली असे समजू नये. लहान मुलांची पुस्तके वेगळी असतात, दिवाळीत दिवाळी अंक येतात. परीक्षा देणाऱ्या मुलांना अभ्यासाला जागा असते. दोन खोल्यांच्या घरात जिथे टीव्ही चालू, माग चालू, तिथे मुलाने अभ्यास कोठे करावा? आणि एखादे पुस्तक नसेल तर ते मागवा म्हणून सांगता येते. बायकांनी मागितलेच नाही तर बायकांना हवी ती पुस्तके कपाटात येणार कोठून?

यावर मला मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, "वाचून का पोट भरते?" नाही भरत. पण न वाचल्याने पोटाचे पैसे कसे जातात, ते मी आधीच सांगितले. दुसरे, "वेळ कोठे आहे?" आमच्याकडे कांड्या भरताना वाचन होते, तुमच्याकडे धान निवडताना होईल. तिसरे उत्तर आपल्या सुनांचे, "सगळे मोबाईलवर मिळते." मिळते हो, मीही पाहते. पण मोबाईल पुढे ढकलतो ते आपण पाहतो. वाचनालयात आपण मागतो ते मिळते. मोबाईल एकेकीच्या हातात, आणि पुस्तक चौघींत वाचता येते. शिवाय माझ्या मोबाईलने मला अजून एकदाही "आत या ना काकू" म्हटलेले नाही.

आपल्या देशात ग्रंथालयाच्या शास्त्राचे मोठे जाणकार डॉ. रंगनाथन होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. आणि दुसरा असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. हा दुसरा नियम वाचून मला कपाटातली पुस्तके आठवली. वर्षानुवर्षे बसून आहेत, कोणी तरी येईल म्हणून. त्यांतली काही तुमची वाट पाहत नसतील कशावरून?

आता मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, मंडळाच्या प्रत्येक भगिनीने या वर्षात वाचनालयाच्या वहीत आपले नाव घालावे. नवऱ्याचे आहे, मुलाचे आहे, ते चालायचे नाही. स्वतःचे. जिला वर्गणी जड जाईल तिची मंडळाच्या निधीतून भरावी. आणि पहिल्या दिवशी एकटीने जाऊ नये, दोघींनी जावे. लाज अर्धी होते.

दुसरी, बडोद्याच्या पेटीसारखी आपली एक पिशवी असावी. ज्यांना बाहेर पडता येत नाही, ओल्या बाळंतिणी, म्हाताऱ्या, आजारी, त्यांच्याकडे आपल्यापैकी एकीने दर पंधरा दिवसांनी चार पुस्तके घेऊन जावे. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवावे. ग्रंथपालांशी मी बोलले आहे. मंडळाने जबाबदारीचे पत्र दिले तर त्यांची ना नाही.

तिसरी, पुस्तक फाटले, भिजले, हरवले तर मंडळाला सांगावे. त्यासाठी एक लहानसा डबा ठेवू, त्यात ज्याने त्याने जमेल ते टाकावे. दोन रुपयांच्या दंडासाठी कोणत्याही बाईचा रकाना कोरा राहू नये. आणि १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जन्मदिवशी ग्रंथपाल दिन असतो, त्या दिवशी आपल्या ग्रंथपालांना एक नारळ द्यावा. महिन्याला दोन हजाराचा भागाकार मी वर केलाच आहे.

सासूबाई जाऊन आता दोन वर्षे झाली. शेवटच्या आजारात त्यांना बोलणे जड जाई. पण संध्याकाळ झाली की त्या फळीकडे बोट दाखवीत, आणि मी पुस्तक काढी. अंगठा लावणाऱ्या त्या बाईने शेवटच्या तीन वर्षांत जेवढी पुस्तके ऐकली, तेवढी गावातल्या कितीतरी शिकलेल्यांनी वाचली नसतील.

आणि एक सांगायचे राहिले. मागच्या हिवाळ्यात पुन्हा एका कर्जाचे कागद आले. पुन्हा तीच सतरंजी, तोच चहा, साहेब मात्र दुसरे. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. बायका थांबल्या. एक कलम कळले नाही, ते मी विचारले. त्यांनी समजावून सांगितले. मग शेवटची ओळ वाचून सही केली. माझ्या शेजारी बसलेली मला हळूच म्हणाली, "मले बी वाचून दाखव ना." मी म्हटले, "दाखवते. पण उद्या तू माझ्याबरोबर वाचनालयात यायचे."

ती आली. आज ती येथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिच्या पिशवीत काय आहे ते मला माहीत आहे.